तिसऱ्यानं पाहायचं नाही

मी काणी बोलतेय.

जातीनं मी कॅमेरा. पण या घरात मला कोणी कॅमेरा म्हणत नाही. सत्यभामानं पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला समोरून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाली, "एकच डोळा हाय इले. काणी हाय बिचारी." तेव्हापासून मी काणी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यापेक्षा हे बरं. खरं तरी आहे.

बोलणं मी तिच्याकडूनच शिकले. ती चौथी शिकलेली, म्हणून माझी भाषाही चौथीचीच. गोड करून सांगणं तिला जमत नाही, मलाही जमायचं नाही.

माझा जन्म समुद्रापार कुठंतरी झाला. पांढरे कपडे घातलेल्या, तोंड बांधलेल्या बायांनी मला जोडलं. त्यांच्यातल्या एकीचंही तोंड मला दिसलं नाही. तोंडं पाहायलाच जिचा जन्म, तिला जन्म देणाऱ्यांची तोंडं माहीत नाहीत. असो.

नागपूरच्या दुकानातून मला कैलाशनं आणलं. कैलाश म्हणजे सत्यभामाचा नवरा. सानगडीच्या बाजारात त्याचं फोटोचं दुकान, आणि घर तिथून सायकलच्या वाटेवर, तलावाच्या पाळीखालच्या गावात. सुरुवातीला त्यानं मला फार मानानं वागवलं. लग्नसराईत मी त्याच्या गळ्यातून उतरायची नाही. साकोली म्हणू नका, करडी म्हणू नका, कुठल्या कुठल्या मांडवात नाचवली त्यानं मला.

तिथं मी माणसं पाहिली. माणूस माझ्यासमोर आला की आधी तोंड बदलतो. नवरी रडत असली तर डोळे पुसून हसते, हसत असली तर "नवरीनं एवढं हासू नये" म्हणून कोणी तरी दटावतं. मामा पोट आत ओढतो. भांडून आलेल्या जावा एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवतात आणि खटका वाजला की काढून घेतात. इतकी वर्षं मांडवात काढली, पण खरं तोंड मला तिथं क्वचितच भेटलं.

मग कैलाशनं लांब भिंगाचा नवा कॅमेरा घेतला. दूरचं जवळ आणणारा. माझं भिंग आखूड, त्याला मागं-पुढं करता येत नाही. जवळ दिसायचं असेल तर पायांनी जवळ जा, एवढंच मला येतं. कैलाश म्हणाला, "आता हिचं काही काम नाही," आणि मला फडताळावर ठेवून दिलं.

तिथून मला सत्यभामानं उचललं.

"मले द्या थे."

"तू काय करशील? चुलीचे फोटो काढशील?"

"गुंजनचे काढीन. रोज एक."

"रोज? रोज काय बदलते पोट्टीत?"

"तेच पाह्यचं हाय मले."

तिचं कारण कैलाशला ठाऊक होतं, म्हणून त्यानं मला तिच्याकडं राहू दिलं. सत्यभामाची एक मोठी बहीण होती, कला. लहानपणीच तापानं गेली. तिचा एकही फोटो नाही. सत्यभामा आणि तिची माय कितीतरी वर्षं भांडत राहिल्या, कलाला तीळ होता तो हनुवटीवर की गालावर. माय म्हणायची हनुवटीवर, ही म्हणायची गालावर. माय मेली आणि भांडणही मिटलं, पण तीळ काही जागेवर आला नाही. तोंड पुसलं गेलं ते गेलंच.

गुंजन पहिलीत जायला लागली त्या सकाळी आमचं काम सुरू झालं. घराच्या पुढं सपरी आहे, म्हणजे तुमची ओसरी. तिच्या दुसऱ्या खांबाला टेकून गुंजन उभी राहायची. सत्यभामानं अंगणात चुन्याची एक रेघ ओढली, तिथून पुढं जायचं नाही, मागं सरायचं नाही. दिवाळीला घर सारवलं की रेघ पुन्हा ओढायची. कैलाशनं माझी सगळी चाकं जिथल्या तिथं बसवून वर चिकटपट्टी मारून दिली होती. "हे येवढंच बटन दाबजो. बाकी काही शिवू नको." तिनं शिवलं नाही.

ओल धरली तर भिंगाला बुरशी येते असंही त्यानं सांगितलं होतं. मग हिनं काय करावं? तांदळाच्या डब्यात मला पुरून ठेवलं. भाताच्या मुलखातला हाच उपाय, तांदूळ ओल ओढतो. ओल ओढली खरी, पण तांदळाची पिठी माझ्या सांध्यासांध्यांत शिरली आणि भिंग अंगाला असं चिकटून बसलं की पुढं कोणी काढायला गेलं तरी निघालं नाही. एक मी, एक माझं भिंग. आता मेलो तर बरोबरच.

सकाळी डब्याचं झाकण उघडायचं, सत्यभामा माझ्या डोळ्यावर फुंकर घालायची आणि हाक मारायची, "गुंजे, ये वं खांबापाशी." वेणी घातलेली असो, नसो. भांडण झालेलं असो. बकरी मेली त्या दिवशी, गणितात नापास झाली त्या दिवशी, सगळ्या दिवशी. हस म्हणून सत्यभामा कधी म्हणाली नाही. खटका वाजला की, "जा आता," एवढंच.

चौथीत असताना गुंजनला मुदतीचा ताप आला. केस काढावे लागले. दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी ती ओढणी डोक्यावर घट्ट धरून खांबाला चिकटली. टक्कल होतं एवढं सांगते, कारण ते पुढं साऱ्या गावानं पाहिलं. नाहीतर तेही सांगितलं नसतं.

"माय, आज नको ना वं. सारे हासतीन."

"कोन सारे?"

"फोटो पाह्यनारे."

सत्यभामा रेघेवरून हलली नाही. "हे फोटो कोन पाह्यते? तू पाह्यशील आन् मी पाह्यीन. काणी घरचीच हाय. तिसऱ्यानं पाह्यचं नाही."

"बाबानं बी नाही?"

"बाबानं बी नाही. तुया गळ्याची शपथ."

गुंजननं थोडा वेळ मायकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि ओढणी काढली.

त्या दिवसापासून त्या पोरीनं माझ्यासमोर तोंड बदललं नाही. राग आला तर रागच. रडायचं असेल तर डोळे न पुसता रडायची. आरशातही माणूस थोडं सावरून पाहतो, ती माझ्यासमोर तेवढंही सावरायची नाही. मांडवात जे मला कधी मिळालं नाही, ते या खांबापाशी रोज मिळत होतं. मी म्हणायची, काणे, तुझा जन्म इथं सार्थकी लागला.

आता चूक कुठं झाली ते ऐका.

माझं पोट लहान. त्यातलं कार्ड भरलं की कैलाश ते दुकानात न्यायचा आणि रिकामं करून आणायचा. सत्यभामाला वाटायचं, धान खळ्यातून ढोलीत जातं तसे हे फोटो कशात तरी जात असतील. ढोलीला एकच तोंड असतं, ते लिंपून टाकलं की झालं. तिनं विचारलंही होतं.

"कुठी ठेवता तुमी?"

"काळी डबी हाय एक. कॉम्प्युटरले जोडतो. कुलूप लावून ठेवलं हाय, कोनी उघडू शकत नाही."

"तुमी पाह्यता?"

"मले लोकाईच्या लग्नाचे पाहून पाहून डोळे फुटाची वेळ आली. मी कायले पाहू?"

तिनं विश्वास ठेवला. नवऱ्यावर ठेवला, काही चोरावर नाही.

वर्षं गेली. गुंजन बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं, भंडाऱ्याला. यादीत नाव लागायची वाट पाहत होती. इकडं कैलाशचं दुकान ओस पडत चाललं होतं. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल, फोटोवाल्याला कोण विचारतो? पूर्वी मांडवात गेला की "कैलाशभाऊ आले, कैलाशभाऊ आले" व्हायचं. आता पोरं म्हणायची, "काका, सरका ना थोडं, मधात येऊन राहिले." ते त्याला लागत असे. मला त्याची कीव येत होती. आता येत नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडं मंडया भरतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसभर दुकानं, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, नंतर नाटक, आणि घरोघर पाहुणे. पाहुण्यांत पोरींच्या बापांचे आणि पोरांच्या बापांचे डोळे फिरत असतात. मंडईत सोयरीक जुळते ही आमच्या भागातली जुनी रीत. आमच्या गावची मंडई होती त्या दिवशी करडीहून परसराम नावाचे पाहुणे आले, बायको आणि पोराला घेऊन. सत्यभामाला सांगितलं गेलं होतं, कैलाशचे ओळखीचे आहेत, नाटक पाहायला येतील. ती वडे तळत बसली.

दुपारी कैलाशनं मला तांदळातून उपसलं. पिठी पुसली, पट्टा गळ्यात अडकवला. मला वाटलं, लग्न असेल. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी मालकाला माझी आठवण आली म्हणून.

दिवेलागणीला नाटकाच्या मंडपात त्यानं मला टेबलावर ठेवलं. मला हार घातला. माइकवाला सांगत होता, "नाटकाच्या आंधी एक खास भेट. एक बाप, एक कॅमेरा, एक भिंग. बारा वर्सं, रोज एक फोटो. आपले कैलाशभाऊ."

एक बाप म्हणे. रेघेवर कोण उभं राहायचं ते मला माहीत होतं. पण नावाचं सोडा. नाव लागावं म्हणून सत्यभामानं काही केलं नव्हतं.

पडद्यावर उजेड पडला आणि मी तो खांब ओळखला.

गाणं लावलं होतं कुठलंसं. त्यावर गुंजन भराभर मोठी होत होती. माझ्या पोटातलं सगळं माझ्या डोळ्यासमोर, माणसाएवढं मोठं करून. टकली आली तेव्हा लोक हसले. "अरे, हे पाह्य, टकली." गालगुंडानं सुजलेली आली, आणखी हसले. रडणारी आली तेव्हा कोणी तरी रडण्याची नक्कल केली. पुढच्या खुर्च्यांवर परसराम पोराच्या कानात काही सांगत होते आणि पोरगं मोबाइल वर धरून पडदा टिपत होतं. बाजूला मैत्रिणींमध्ये गुंजन उभी होती. मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या. ती पडद्याकडं पाहत नव्हती. ती बायांच्या गर्दीत माय कुठं आहे ते शोधत होती.

माय नुकतीच आली होती, हाताला बेसन तसंच. तिला कळायला क्षणभर लागला. मग ती सरळ चालत निघाली. सतरंजीवरच्या लोकांच्या मधून, कोणाच्या पायावर पाय, कोणाच्या हातावर. आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. गुंजनची तोंडं तिच्या लुगड्यावर पडायला लागली, पोटावर, छातीवर, कपाळावर.

"सरक ना वं बाई. दिसून नाही राहिलं."

"दिसू नये म्हनूनच उभी हाय," ती म्हणाली. आणि मग प्रोजेक्टरकडं पाहून, "कैलाश. बंद कर."

सारा मंडप तिच्या तोंडाकडं पाहायला लागला. आमच्या गावात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सत्यभामा लग्न झाल्यापासून "गुंजनचे बाबा" म्हणत आली होती. उखाण्यापलीकडं ते नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं, आणि असं अरेतुरेनं तर कोणाच्याच बायकोच्या तोंडून नाही.

कैलाशनं बंद केलं.

घरी आलो तर परसराम पाहुणे खुर्चीत बसून वडा खात होते. त्यांना राग वगैरे आला नव्हता. उलट खूश होते.

"वहिनी, तुमी कायले तापता? पोरगी पसंत हाय आमाले. लहानपनापासून पाहून घेतली, आता पोहे कायले कराले लावाचे?"

"तुमी पाहिली," सत्यभामा म्हणाली. "तिनं कोनाले पाह्यलं? तुमच्या पोराचे टकलीचे फोटो आना आंधी. शेंबडाचे बी आना. मांडू मंडपात, सारं गाव पाह्यन. मंग बोलू."

परसरामांच्या बायकोला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. पाहुण्यांनी उरलेला वडा ताटात ठेवला. ते गेल्यावर कैलाश कडाडला.

"मायी इज्जत घालवली तू. चोरी केली का मी? मायी पोरगी हाय थे. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्सांत पहिल्यांदा गावानं मायासाठी टाळ्या वाजवल्या, माहीत हाय तुले?"

"तुमच्या टाळ्याईसाठी तिचं रडनं दाखवलं तुमी. आन् कुलूप?"

"कोनतं कुलूप?"

त्याला ते आठवतही नव्हतं. मी टेबलावर पडून ऐकत होते. माझ्या गळ्यात अजून तो हार होता. दगाफटका करणाऱ्याला निदान आपला शब्द आठवत असावा असं मला वाटायचं. हा तर बोलून विसरून गेला होता. त्याच्यासाठी ते बोलणं होतं, आमच्यासाठी कुलूप होतं.

गुंजन दाराशी उभी होती. ती बापाशी बोललीच नाही.

"माय, तू म्हनली होती तिसऱ्यानं पाह्यचं नाही."

"मले माहीत नव्हतं, बाई. तुया बाबानं कुलूप लावलं म्हनलं होतं."

"कुलूप त्याईचं, चाबी त्याईची. मंग शपथ तू काऊन घेतली?"

सत्यभामाची जीभ गावात कोणाला हार जात नाही. त्या दिवशी तिनं नुसता माझ्या गळ्यातला हार काढला आणि मला तांदळात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती सानगडीला दुकानात गेली. समोर बसून कैलाशकडून कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून घेतलं आणि काळी डबी पदरात बांधून आणली. माझ्याशेजारी तांदळात पुरली. पण ज्यांनी ज्यांनी मोबाइलात धरलं होतं, त्यांच्या मोबाइलातून कोण पुसणार? विहिरीत थुंकलेलं वेचून काढता येतं का?

त्या सकाळी परत आल्यावर सत्यभामानं हाक मारली नाही. गुंजन मात्र आपल्या पायांनी आली. खांबापाशी उभी राहिली आणि पाठ केली.

"काढ."

सत्यभामानं मला डोळ्याला लावलं. वेणी, मान, ओढणीची गाठ. तिनं कळ दाबली.

पुढं रोज तसंच. पोरगी चुकायची नाही. अगदी वेळेवर यायची, पाठ करायची, खटका वाजला की निघून जायची. भांडली असती, आलीच नसती, तर सत्यभामाला सोपं गेलं असतं. कैलाश कधी सपरीत चहा घेऊन बसलेला असला तर त्याला त्या बाजूनं तिचं तोंड दिसायचं. म्हणून तो उठून आत जाऊ लागला. तोंड ज्याला दाखवायला नको, त्याला ते दिसत होतं, आणि जिच्यासाठी होतं तिला पाठ. एकदा तो सत्यभामाला हळूच म्हणाला, "तिले सांग ना, झालं गेलं." ती म्हणाली, "मले कोनतं तोंड हाय सांगाले?"

यादीत गुंजनचं नाव लागलं. भंडाऱ्याला जायचा दिवस आला. कैलाश बॅग घेऊन एसटीच्या थांब्यावर पुढं गेला होता. सत्यभामानं तांदळाचा डबा उघडला. मला काढलं, काळी डबी काढली. मग माझ्या कुशीतलं छोटं दार उघडलं. त्या दाराला तिनं आजवर कधी हात लावला नव्हता. कैलाशनं शिवू नको म्हटलं होतं ना. नखानं टोकरून टोकरून तिनं कार्ड बाहेर काढलं.

गुंजन पाठ करून उभी होतीच.

"इकडं पाहू नको. हात मांगं कर नुसता."

गुंजननं हात मागं केला. सत्यभामा रेघ ओलांडून पुढं गेली, तेव्हा पहिल्यांदाच. तिनं डबी आणि कार्ड त्या हातावर ठेवलं आणि मूठ मिटवली.

"सारं इतकंच हाय. तुयं तोंड तुयापाशी ठेव. जाळ नाहीतर जप. मी विचारनार नाही."

गुंजननं मूठ छातीशी धरली.

"आन् काणीत?"

"काणीत काही नाही आता. रिकामी हाय. खटका वाजते फक्त."

"मंग तू काय पाह्यशील, माय?"

"आठवत राह्यीन. आमाले सवय हाय," सत्यभामा म्हणाली आणि रेघेवर परत जाऊन उभी राहिली. मला डोळ्याला लावलं, कारण वेळ झाली होती.

आणि गुंजन वळली.

बारा वर्षं मी जी तोंडं पाहिली ती सगळी तिथं होती, आणि एक नवंही होतं. सत्यभामानं कळ दाबली. माझा पडदा उघडला, मिटला. माझ्यात काही राहिलं नाही. माझ्यात राहणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच ती वळली होती.

आता मी म्हातारी झालेय. खटका अडकतो. तरी रोज सकाळी डबा उघडतो, सत्यभामा फुंकर घालते आणि रेघेवर उभी राहून मोकळ्या खांबाकडं माझ्यातून पाहते. तिचे ओठ हलत असतात. भुवई, नाक, हनुवटी, एकेक जागा ती मोजून पाहते, धानाच्या बांधीत रोपं लागली की नाहीत ते पाहावं तसं. एकही हलू देत नाही. मग मला तांदळात ठेवते.

तुमच्या हातात आता माझ्यापेक्षा हुशार डोळे आहेत. खुशाल काढा फोटो. पण कोणी विश्वासानं ओढणी काढून तुमच्यासमोर उभं राहिलं, तर ते तोंड तुम्हाला राखायला दिलेलं असतं, वाटायला नाही. मंडपात टाळ्या मिळतात, खांबापाशी मात्र पाठ मिळते. एवढं लक्षात ठेवा.

आणि वळली तेव्हा ती कशी दिसत होती, ते विचारू नका. मी ते पाहिलं, सत्यभामानं पाहिलं. तुम्ही तिसरे.